हिरोशिमांतील एक जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द आपल्याकडे बहुधा देवळांस लावितात. कळस ढासळला, गाभाऱ्यांत पाणी गळूं लागलें, म्हणजे गांवकरी वर्गणी काढतात, पाथरवट येतो, आणि पुढें अमुक शकांत अमक्यानें जीर्णोद्धार केला असें दगडावर कोरून ठेवितात. परंतु या शब्दांतील कठीण भाग 'उद्धार' हा नसून 'जीर्ण' कोणतें हें ओळखणें हा आहे. ही साधी गोष्ट आम्हांस साठी उलटल्यावर, आणि तीही घरापासून हजारों मैल दूर, एका तेलकट कारखान्यांत उमगली. ती हकीकत वाचकांच्या घरींही कदाचित् उपयोगी पडेल म्हणून येथें देत आहों.

गतवर्षीं कार्तिक महिन्यांत पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही उभयतां जपानांत गेलों. निघण्याच्या आदल्या रात्रीं घरांत एक अप्रिय प्रसंग घडला होता. आमच्या धाकट्या बंधूंनीं वाईच्या वाड्याचा विषय पुन्हां काढला. माजघर आणि त्यावरील माडी पाडून तेथें सिमेंटची इमारत उठवावी, असें त्यांचें म्हणणें. वडिलोपार्जित वास्तूच्या एका खुंटीसही हात लावूं नये, असें आमचें. शब्दानें शब्द वाढला, आणि ज्यांनीं आम्हां दोघांसही कडेवर खेळविलें त्या आत्याबाई अर्ध्या पानावरून उठल्या. पुतण्या हा त्या बंधूंचाच चिरंजीव. त्यामुळें विमानतळावर तो वाकून नमस्कार करूं लागला तेव्हां आम्हांस आनंदाबरोबर थोडा संकोचही वाटला.

पुतण्या नोकरीनिमित्त नऊ वर्षें हिरोशिमा येथें राहतो. हें शहर ओता नदीच्या मुखाशीं, तिच्या फांट्यांमधील सपाट बेटांवर वसलें आहे. पूल जागोजाग, पाणी संथ, आणि उत्तरेस डोंगरांची निळसर रांग. सन १९४५ च्या ऑगस्टच्या ६ तारखेस सकाळीं सव्वाआठ वाजतां येथें काय घडलें तें वाचकांस सांगावयास नको. आम्हीं पाहिलें तें एवढेंच कीं, या शहरानें आपल्या मोडक्या वस्तूंशीं एकाच रीतीनें व्यवहार केलेला नाहीं. नदीकांठीं १९१५ सालीं बांधलेल्या प्रदर्शनगृहाचा घुमट सांगाड्यासह तसाच उभा आहे. तो पाडूं नये असा ठराव नगरसभेनें १९६६ सालीं केला, आणि तेव्हांपासून त्या भिंतींस आधार देऊन तें भग्नपणच जपून ठेविलें आहे. तेथून थोड्या अंतरावर जुन्या किल्ल्याचा मनोरा दिसतो. तो १९५८ सालीं काँक्रीटमध्यें नव्यानें उभारला आहे. रूप जुनें, अंग सगळें नवें. आणि रस्त्यांतून ट्रामगाड्या धांवतात. स्फोटानंतर तिसऱ्याच दिवशीं, ९ ऑगस्ट रोजीं, एका लहानशा टप्प्यावर ट्राम पुन्हां चालूं झाली होती. त्या दिवशीं होरपळलेल्या गाड्यांपैकीं कांहीं डागडुजी होऊन पुढें कित्येक दशकें उतारू वाहत राहिल्या.

संध्याकाळीं पुतण्या म्हणाला, "काका, एक वस्तु मोडकी ठेवली, एक सगळी नवी केली, आणि एक दुरुस्त करून चालती ठेवली. तुम्हीं आणि बाबांनीं पहिल्या दोन रीतींवरूनच भांडण केलें ना?" आम्ही गप्प राहिलों. घरच्या बातम्या समुद्र ओलांडून त्याच्यापर्यंत आमच्या अगोदर पोंचल्या होत्या.

तिसऱ्या रीतीचा प्रयोग त्याच्याच घरीं चालला होता. अनेक वर्षांच्या शिलकेंतून त्यानें १९९० सालची एक माझदा मोटार घेतली होती. तिचें एंजिन नेहमींच्या जातीचें नसून 'रोटरी' म्हणजे फिरत्या त्रिकोणाचें आहे. मोटार थंड असतांना नीट सुरू होई. परंतु तापल्यावर थांबविली कीं पुन्हां उठावयास तयार नसे. दर आठवड्यास रेडिएटरचें पाणी उतरे, आणि सकाळीं धुराड्यांतून पांढरा धूर निघे. दोन वर्षांपूर्वीं एका गॅरेजांत त्यानें तें उघडून घेतलें होतें. तेथें कांहींएक न मोजतां झिजलेल्या घरांत नवे भाग बसवून दिले, आणि दुखणें होतें तसेंच राहिलें. आतां शहराबाहेरील एका वृद्ध कारागिरानें तें एंजिन हातीं घेतलें होतें. सुट्टीचे चार दिवस आम्ही तेथेंच काढले.

तत्पूर्वीं एक दिवस पुतण्यानें आम्हांस माझदाच्या मुख्य कारखान्यांतील संग्रहालय दाखविलें. ही कंपनी १९२० सालीं बुचाचा माल करण्यासाठीं निघाली, आणि १९३१ पासून तीनचाकी मालगाड्या करूं लागली. 'माझदा' हें नांव संस्थापक मात्सुदा यांच्या आडनांवाशीं जुळतें खरें. परंतु त्यांत अहुर माझदा या पारशी धर्मांतील परमेश्वराचें स्मरणही आहे, असें कंपनी स्वतःच सांगते. ज्यांच्या अग्यारीवरून मुंबईंत आम्ही लहानपणीं रोज शाळेस जात असूं, त्यांचा देव जपानी मोटारीच्या कपाळावर पाहून कौतुक वाटलें. अवेस्तांतला 'अहुर' तोच ऋग्वेदांतला 'असुर', आणि तेथें वरुणासारख्या देवांस तो शब्द आदरानें लाविला आहे, हें ठाऊक असलेल्या वाचकांस तें विशेष वाटेल. १९४५ सालीं शहर व कारखाना यांच्या मध्यें हिजियामा नांवाची लहानशी टेकडी असल्यामुळें कारखाना बराच बचावला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तीनचाकी गाड्या पुन्हां बाहेर पडूं लागल्या.

आतां या एंजिनाची रचना थोडक्यांत सांगितली पाहिजे. साध्या एंजिनांत दट्ट्या वरखालीं होतो. येथें दट्ट्या नाहीं, झडपा नाहींत. दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखें, मध्यें किंचित् आवळलेलें एक पोकळ कवच असतें, आणि त्यांत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण घुमत असतो. त्याचीं तीनही टोंकें सदैव कवचाच्या भिंतीस टेकलेलीं. त्यामुळें त्रिकोण व भिंत यांमध्यें तीन कप्पे होतात. फिरतां फिरतां ते लहानमोठे होतात, आणि वायु आंत घेणें, दाबणें, पेटविणें व बाहेर टाकणें हीं चारही कामें क्रमानें होत राहतात. त्रिकोण एकदां फिरला कीं मधला दांडा तीनदां फिरतो. जर्मन संशोधक फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवरून एन्.एस्.यू. या कंपनीनें १९५७ सालीं असें पहिलें एंजिन चालविलें, आणि १९६१ सालीं हिरोशिमाच्या कंपनीनें त्या कंपनीशीं करार केला.

करार झाला, आणि संकट उभें राहिलें. त्रिकोणाच्या प्रत्येक टोंकास खांचेंत एक बारीक पट्टी बसविलेली असते. कारागीर तिला सील म्हणतात. तिनें वायु अडवावयाचा. परंतु ती धांवतां धांवतां थरथरे, आणि कवचाच्या आंतील क्रोमच्या आरशासारख्या पृष्ठावर धुण्याच्या फळीसारखे आडवे ओरखडे उठत. तेथील लोकांनीं त्यांस 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' असें नांव दिलें. केनिची यामामोतो यांच्या हाताखालीं १९६३ सालीं जें संशोधन-खातें निघालें त्यांत सत्तेचाळीस माणसें होतीं, आणि जपानी कथेंतील सत्तेचाळीस स्वामिनिष्ठ सामुरायांचें नांव त्यांस चिकटलें. नाना धातु व नाना द्रव्यें आजमावून झाल्यावर त्यांनीं कार्बनांत ॲल्युमिनियम मुरवून केलेली पट्टी बसविली, आणि १९६७ सालीं 'कॉस्मो स्पोर्ट' ही मोटार बाजारांत आली. पट्टीनें स्वतः झिजावें, पण भिंत ओरबाडूं नये, हें त्या पट्टीचें इंगित. पुतण्या हें समजावून सांगत असतां सौ. एकदम म्हणाली, "म्हणजे आपल्या आत्याबाईच कीं रे ह्या!" आम्ही तिघेही हंसलों, पण पुढें बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

कारागिराचा कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराची एक लांबट खोली. जमीन मात्र आमच्या देवघराइतकी स्वच्छ. गृहस्थ सत्तरीपलीकडचे, बोलणें थोडें. पुतण्या मध्यें बसून दुभाष्याचें काम करी. एंजिन मोटारींतून काढून उभें करून ठेविलें होतें. एका टोंकाचा मोठा नट इतका घट्ट होता कीं, पान्याच्या दांड्यावर पुरुषभर लांबीचा नळ चढवून दोघांनीं जोर केला तेव्हां तो हलला. मग लांबच लांब बोल्ट एकेक करून निघाले, आणि प्रवासांतील पुडांच्या डब्याप्रमाणें एंजिन थराथरानें उकलूं लागलें. बिडाची एक सपाट तबकडी, मग कवच व त्रिकोण, पुन्हां तबकडी, पुन्हां कवच व त्रिकोण, आणि तळाशीं तिसरी तबकडी. असे एकूण पांच थर. प्रत्येक थरांतील बारीकसारीक भाग पांढऱ्या कापडावर ज्या जागेचा त्या जागीं, आंकडा घालून, मांडले जात. टोंकांच्या पट्ट्या सहा, कोपऱ्यांतील वाटोळे तुकडे बारा, बाजूंच्या धनुष्याकृति पट्ट्या बारा, आणि प्रत्येकीखालीं तिची स्प्रिंग. श्रावणीच्या दिवशीं मांडलेल्या पूजेच्या साहित्याचीच आम्हांस आठवण झाली.

दुखणें लौकरच सांपडलें. थरांच्या सांध्यांत पाणी अडविणारें रबराचें कडें स्पार्क प्लगांजवळच्या तापट जागीं कुजून गेलें होतें. तेथून पाणी ज्वलनाच्या कप्प्यांत झिरपत होतें. बाजूंच्या पट्ट्यांपैकीं तीन काजळीनें खांचेंत इतक्या जखडल्या होत्या कीं, स्प्रिंग असून त्या उठत नव्हत्या. पूर्वींच्या गॅरेजानें नव्या पट्ट्या घातल्या, पण खांचा खरवडल्याच नव्हत्या. कारागिरानें हें सर्व पाहिलें, मान हालविली, आणि कोणासही दूषण न देतां मापयंत्रांची पेटी उघडली.

येथून पुढचे दोन दिवस केवळ मोजण्यांत गेले. आमची कल्पना होती कीं, जुनी वस्तु दुरुस्त करणें म्हणजे हत्यारें चालविणें. वस्तुतः हत्यार शेवटीं येतें. टोंकाची नवी पट्टी ८ मिलिमीटर उंच असते, आणि झिजून ६.५ वर आली कीं ती टाकावयाची. सहांपैकीं पांच मर्यादेच्या वर भरल्या. पण सपाट कांचेवर ठेवतां त्यांतील दोघींखालून प्रकाश दिसला. त्या वांकल्या होत्या. पाण्यानें आजारी पडलेल्या एंजिनांत सहाही नव्या घालाव्या, असें ठरलें. बिडाच्या तबकड्यांवर पट्ट्यांच्या घर्षणानें पायरी पडते. ती बोटास लागत नाहीं, डायल गेजाच्या कांट्यास दिसते. मर्यादा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याची. येथें त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक निघाली. तबकड्या बाद नव्हत्या. दांडा निर्दोष होता. बेअरिंगांच्या करड्या पृष्ठाखालून तांबें डोकावूं लागलें होतें, म्हणून तीं गेलीं. त्रिकोणांच्या बाजूवर कारखान्यानें त्यांच्या वजनाचें अक्षर ठोकलेलें असतें. दोघांचा तोल एकमेकांशीं जुळावा म्हणून. तें पाहून, खांचांची रुंदी मोजून, कारागिरानें दोन्ही त्रिकोण ठेवून घेतले.

खरा प्रश्न कवचांचा होता. पुतण्याची इच्छा अशी कीं, मूळचें जें जें आहे तें तें राहावें. मागचें कवच काळवंडलेलें, रेघोट्यांचें. त्याची आशा त्यानें सोडली होती. पुढचें मात्र पुसल्यावर लख्ख निघालें. कारागिरानें मागचें कवच उजेडांत फिरविलें, नख ओढलें, मापलें, आणि म्हणाले, "हें राहूं द्या." मग त्यांनीं पुढचें घेतलें. कडेशीं, तांदळाएवढ्या जागेंत, क्रोमचा थर पोपडा होऊन सुटला होता. तेवढ्या खांचेवरून नवी पट्टी दर फेऱ्यास घासत जाणार, म्हणजे सहा नव्या पट्ट्यांचा खर्च व्यर्थ. "हें जाईल," ते म्हणाले.

पुतण्याचा चेहरा उतरला. थोडें घासून, भरून चालणार नाहीं का, असें त्यानें दोनतीनदां विचारलें. वृद्ध गृहस्थांनीं शांतपणें जें उत्तर दिलें तें आम्हीं त्याच दिवशीं वहींत टिपून ठेविलें. त्याचा भावार्थ असा: "मोजण्यापूर्वीं टाकणें हा माज, मोजल्यानंतर ठेवणें हा मोह. दोहोंनींही एंजिन मरतें." नंतर त्यांनीं फळीवरून तेलकट कागदांत गुंडाळलेलें एक कवच काढलें. अपघातांत गेलेल्या दुसऱ्या एका मोटारीचें तें होतें. तेंही त्यांनीं पुन्हां पहिल्यापासून मोजलें, आणि मगच कापडावर ठेविलें.

तिसरा दिवस घोटण्याचा व कानशीचा. तबकड्या सपाट पृष्ठावर बारीक पुडीनें घोटतात. पण बेतानेंच, कारण कारखान्यानें कठीण केलेला वरचा थर पातळ असतो, तो गेला कीं खालचें बीड मऊ. बाजूची प्रत्येक नवी पट्टी मुद्दाम किंचित् लांब येते. तिचें टोंक कानशीनें घासून तिच्यांत व कोपऱ्याच्या तुकड्यांत केंसाएवढी फट ठेवावयाची: मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याहून कमी नको, आणि फार अधिकही नको. फट कमी तर तापल्यावर पट्टी अडकते. जास्त तर वायु निसटतो. पुतण्यानें हट्टानें एक पट्टी स्वतः घासावयास घेतली. चार वेळां मोजून पांचव्या वेळीं कानस जरा जोरानें पडली, आणि पट्टी आंखूड झाली. तो ओशाळला. कारागिरानें ती बिघडलेली पट्टी त्याच्या खिशांत टाकली, दुसरी हातीं दिली, आणि स्वतः चहा करावयास उठून गेले. ती दुसरी मात्र बरोबर जमली.

चौथ्या दिवशीं जुळणी. पट्ट्या उभ्या खांचेंत राहाव्या म्हणून त्यांस व्हॅसलीन लावितात. नवीं रबरी कडीं बसलीं. एकावर एक थर उतरले. कवच त्रिकोणावरून उतरवितांना तर सर्वांनीं श्वास रोखून धरला होता, कारण एखादें टोंक निसटलें तर सारें पुन्हां उकलावें लागे. बोल्ट आंतून बाहेर, आलटून पालटून, तीन फेऱ्यांत आवळले. दांड्याची पुढेंमागें हालचाल मापली. ती एका मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजावयाची असते. बरोबर भरली तेव्हां म्हाताऱ्यांच्या तोंडावर पहिल्यानें हंसूं दिसलें.

एंजिन मोटारींत चढवून तेल फिरवीपर्यंत दिवेलागणी झाली. पहिल्या खेपेस नुसती घरघर. दुसऱ्या खेपेस एक ठोका, आणि पुन्हां शांतता. पुतण्या घामाघूम झाला. चौथ्या खेपेस तें पेटलें, आणि आंतील व्हॅसलीन व तेल जळून एवढा धूर उठला कीं, सौ. पदर नाकास लावून बाहेर पळाली. हळूहळू धूर विरळ झाला आणि आवाज एकसुरी झाला. साध्या मोटारीच्या खडखडाटाहून निराळा, शिवणयंत्र वेगानें चालावें तसा. पाऊण तास कारागीर कान देऊन उभे होते. मग त्यांनीं तें थांबविलें. आतां परीक्षा होती. तापलेलें एंजिन पुन्हां उठेल काय? पुतण्यानें किल्ली फिरविली, आणि तें तत्काळ उठलें.

निघतांना त्यांनीं एकच बजावलें. पहिले हजारभर मैल एंजिनास पळवूं नये. नव्या पट्ट्या आणि जुनी भिंत एकमेकींस घांसून घांसून जुळतात. तोंवर जोरही कमी वाटेल, पण धीर धरावा. "नवी सून आणि जुनें घर," सौ. म्हणाली, "दोघांनींही पहिलें वर्ष सांभाळून घ्यावयाचें." पुतण्यानें तें जपानींत सांगितलें, तेव्हां कारागिरांच्या पत्नीनें आंतून मोठ्यानें होकार दिला. या एंजिनांत कवचाच्या भिंतीवर थेंब थेंब तेल मुद्दाम सोडलेलें असतें, आणि तें जळून जातें. म्हणून तेलाची पातळी नित्य पाहत जावें, हेंही त्यांनीं सांगितलें. जें जळण्यासाठींच घातलें आहे त्याचा हिशेब चुकवूं नये, हा आम्हीं घेतलेला अर्थ.

माझदानें अशा एंजिनाची शेवटची स्पर्धा-मोटार 'आर.एक्स.-८' २०१२ सालीं बंद केली. पुढें २०२३ सालीं त्याच जातीचें लहान एंजिन विजेच्या मोटारींत, चाकें फिरविण्यासाठीं नव्हे तर वीज निर्माण करण्यासाठीं, परत आलें. यंत्रालाही घरांतील वडिलांप्रमाणें काम बदलून राहतां येतें, हें पाहून बरें वाटलें.

त्या रात्रीं आम्हीं बंधूंस पत्र लिहिलें. मजकूर थोडाच होता. "पाडूं नये असें मी म्हणत होतों तें न पाहतां; पाडावें असें तूं म्हणत होतास तेंही न पाहतां. मी परत आल्यावर आपण दोघे मिळून जाणता सुतार घेऊन वाईस जाऊं. प्रत्येक तुळई टोंचून पाहूं, प्रत्येक भिंतीस ओळंबा लावूं. जी तुळई पोखरली असेल ती माझ्या समक्ष काढावी; मी हूं कीं चूं करणार नाहीं. जी धड असेल ती तूं ठेवावीस." खालीं पुतण्यानें दोन ओळी लिहिल्या, आणि ती आंखूड झालेली पट्टी पाकिटांत घातली.

पौषांत आम्ही उभे बंधु वाईस तीन दिवस राहिलों. माडीच्या अकरा तुळयांपैकीं चार आंतून भुगा झालेल्या निघाल्या. त्यांतील दोन आम्हांस अगदीं भक्कम वाटत होत्या. माजघराची ज्या भिंतीस बंधु 'कधींही कोसळेल' म्हणत ती ओळंब्यांत उभी होती. काम अद्याप चालूं आहे. आत्याबाईंस खोलीच्या दाराशीं खुर्ची मांडून दिली आहे. सुतारानें कोणती लांकडें नेलीं आणि कोणतीं ठेविलीं, याचा हिशेब त्या ठेवितात. गेल्या अमावास्येस त्या पंक्तींत शेवटपर्यंत बसल्या.